आमच्या तळघरातला कारखाना

आमच्या घरात एक अलिखित कायदा आहे. घरी पाहुणे यायचे असतील तर आदल्या चोवीस तासांत अस्मादिकांनी कुठलीही वस्तू उघडायची नाही. हा कायदा सौ.ने २००४ सालच्या गणपतीत केला. त्या दिवशी संध्याकाळी आरतीला तीसेक माणसं यायची होती आणि सकाळी नऊ वाजता मला मिक्सरचा आवाज जरा वेगळा वाटला. वाटला म्हणजे वाटलाच! दहा वाजेपर्यंत मिक्सर जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून, सतरा तुकड्यांत मांडलेला होता आणि सौ. ओलं खोबरं हातात घेऊन मागे उभी होती. शेवटी ते वाटण शेजारच्या गुजराती बेनच्या मिक्सरवर झालं. आमचा मिक्सर आरतीच्या आधी अर्धा तास सुरू झाला, तो वेगळा आवाजही गेला, पण एक स्क्रू उरला. तो स्क्रू सौ.ने लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत जपून ठेवला आहे. माझा आवाज चढला की ती काही बोलत नाही, बाटली फक्त हलवते.

तर मंडळी, हा रोग जुना आहे. मी मूळचा सांगलीचा. आमच्या घरी मर्फीचा रेडिओ होता. फळीवर, आईने विणलेल्या रुमालाखाली. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, त्यामुळे ती वस्तू म्हणजे घरातला एक मानकरीच. वयाच्या बाराव्या वर्षी, घरात कुणी नसताना, मी तो उघडला. आतल्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये लालसर उजेड दिसतो म्हणे, तो मला बघायचा होता. नेमके आप्पा आले. मला वाटलं, आता पाठीचं धिरडं होणार. पण ते एवढंच म्हणाले, "जोडून दाखव आणि मग जेव." त्या रात्री मी साडेदहाला जेवलो. रेडिओ चालू झाला होता. आई तोवर पानावर बसून होती, न जेवता.

पुढे वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झालो आणि १९७९ साली इथे न्यू जर्सीत आलो. वर्षभराने सौ. आली. येताना तिच्या वडिलांनी दिलेला रेकॉर्ड प्लेअर तिने विमानातून मांडीवर ठेवून आणला, बरोबर नाट्यसंगीताच्या चार तबकड्या. आता तिकडची वीज २३० व्होल्टची आणि इकडची साधारण त्याच्या निम्मी. मी इंजिनिअर. ताबडतोब जाऊन व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणला आणि मोठ्या ऐटीत तबकडी लावली. गाणं सुरू झालं, आणि बुवांना शेवटची लोकल गाठायची असावी तसे ते धावत सुटले. सौ. म्हणाली, "अहो, यांच्या मागे कुणी लागलंय का?"

त्याचं असं होतं की ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवतो, पण विजेचे हेलकावे बदलत नाही. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा हेलकावतो आणि अमेरिकेत ६० वेळा. त्या प्लेअरची मोटर हेलकाव्यांच्या तालावर फिरणारी. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी इथे ४० फेरे घेत होती. एका मित्राच्या ओळखीने लेथवर मोटरची कप्पी एक षष्ठांशाने बारीक करून आणली, तेव्हा कुठे बुवा स्वस्थ बसून गायला लागले. हा ५० आणि ६० चा हिशोब वाचकांनी जरा लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

* * *

निवृत्त झाल्यापासून आमच्या तळघराला कारखान्याची कळा आली आहे. आम्ही राहतो त्या गावाचं नाव एडिसन. ओक ट्री रोडवरच्या भाजी-मसाल्याच्या दुकानांमुळे ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण नाव पडलंय ते थॉमस एडिसनवरून. इथल्याच मेन्लो पार्क भागात त्याची प्रयोगशाळा होती आणि तिथेच १८७७ साली त्याने फोनोग्राफ केला. माणसाचा आवाज टिपून घ्यायचा आणि तो परत ऐकवायचा, हे दोन्ही साधणारं पहिलं यंत्र. त्या जागेवर आता एक मनोरा आहे, वर भला मोठा काचेचा दिवा. नातीला घेऊन मी तिथे गेलो होतो. एडिसनने आवाज टिपला तो कथलाच्या पातळ वर्खावर. तो वर्ख थोड्याच वेळा वाजवला की झिजून जाई, हे ऐकून ती म्हणाली, "मग उपयोग काय, आजोबा?" तिला म्हटलं, बाई गं, गेली दीडशे वर्षं सगळे ह्याच प्रश्नाचं उत्तर शोधताहेत.

कारण माझ्याकडे जे येतं ते बहुतेक असंच, झिजत चाललेलं. मंडळातली माणसं कधी बुटाच्या खोक्यात, कधी पटेलांच्या दुकानातल्या पिशवीत घालून वस्तू आणतात. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी सगळ्यात जास्त. भारतातून आलेली कॅसेट इथल्या यंत्रावर लावली तर नुसत्या मुंग्या आणि पट्टे, कारण तिकडचं चित्र ६२५ ओळींचं आणि सेकंदाला २५ चित्रांचं, इकडचं ५२५ ओळींचं आणि जवळजवळ ३० चित्रांचं. एका गृहस्थांनी स्वतःचं लग्न पस्तीस वर्षांत पाहिलंच नव्हतं. मी दाखवलं, तर म्हणाले, "अरेच्चा, एवढे केस होते मला!"

त्याखालोखाल येतात त्या साध्या ऑडिओ कॅसेटी. ही कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणली. आतली फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद आणि ती सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये नव्वद मीटरच्या आसपास फीत असते. लोकांना वाटतं की फीत खराब होते. माझा अनुभव असा की फीत बिचारी बरीच तग धरते, आधी मरतं ते यंत्र. आतला रबरी पट्टा वितळून काकवीसारखा चिकट होतो. तो अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून काढावा लागतो आणि नखं आठवडाभर काळी राहतात. कॅसेटमध्ये फितीच्या मागे नमद्याचा एक चिमुकला तुकडा असतो. त्याचा डिंक वाळून तो पडला की फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो अर्धा फेरा इकडे-तिकडे झाला की 'स' आणि 'श' गायब होतात. असं काही झालं की लोक म्हणतात, "आवाज गेला हो." आवाज गेलेला नसतो, स्क्रू हललेला असतो.

माझ्या हातात कॅसेट आली की मी पहिलं काम एकच करतो. तिच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे कान असतात, ते मोडतो. कान मोडले की त्या कॅसेटवर नवीन काही भरता येत नाही, जुनं पुसलं जात नाही. हा नियम मी कुठे शिकलो, ते पुढे येईलच.

फ्लॉपीही येतात. मध्यंतरी मंडळाचे एक जुने कार्यकर्ते १९९५ च्या दिवाळी अंकाची फ्लॉपी घेऊन आले. फ्लॉपी चक्क वाचली गेली, पण पडद्यावर उमटली ती इंग्रजी अक्षरांची मिसळ. त्या काळचे मराठी फॉण्ट म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र. फॉण्ट हरवला की मराठीही हरवली. युनिकोडने १९९१ साली देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले खरे, पण ते आपल्या घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायला दहा-बारा वर्षं गेली. मी जुन्या अक्षरांवरून नवीन अक्षरं करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन दिवसांचं काम वाटलं होतं, दोन महिने लागले. घोळ घातला तो वेलांटीने. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फॉण्टमध्ये ती आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. 'मार्मिक' या एका शब्दात एकाच अक्षरावर रफारही आहे आणि वेलांटीही. त्या शब्दाने माझा एक अख्खा रविवार खाल्ला. आणि 'वाऱ्यावर'मधला तो आपला खास मराठी अर्धा 'र'! त्याचं तर विचारूच नका.

गंमत अशी की तोच अंक छापील स्वरूपात आमच्या कपाटात होता. तीस वर्षांत त्याला ना वीज लागली, ना फॉण्ट, ना पासवर्ड. सौ.ने तो काढून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "हाच ना?"

* * *

आता मूळ गोष्टीकडे येतो. खरं तर ती लिहावी की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होतो.

आम्ही इकडे आलो तेव्हा फोन म्हणजे चैन होती. तीन मिनिटांत "ऐकू येतंय का?" दोनदा आणि "कसे आहात?" एकदा, की वेळ संपली. निळ्या हवाई पत्राला दहा-बारा दिवस लागत. म्हणून १९८१ साली सांगलीला जाणाऱ्या एका मित्राबरोबर मी आईसाठी एक लहान टेपरेकॉर्डर पाठवला. आई लिहायला कंटाळायची, पण बोलायला कधीच नाही. मग कॅसेटींची ये-जा सुरू झाली. कुणी येणारं-जाणारं असलं की त्याच्या सामानात लाडूंच्या डब्याशेजारी एक कॅसेट. आपल्या पिढीतल्या पुष्कळ घरांनी हे केलेलं आहे. आणि काटकसर अशी की आलेल्या कॅसेटवरच उत्तर भरून तीच परत पाठवायची.

१९८३ च्या दिवाळीला आईची कॅसेट आली, साठ मिनिटांची, दोन्ही बाजू भरलेल्या. ताईने पाठवताना तिचे कान मोडले होते. १९८४ च्या फेब्रुवारीत एक ओळखीचे गृहस्थ पुण्याला निघाले होते. रात्रीची वेळ, घरात कोरी कॅसेट नाही, बाहेर बर्फ. सौ. म्हणाली, "उद्या सकाळी आणू की." मी म्हटलं, आता ऐकून झालीय ना! मोडलेल्या कानांच्या जागी चिकटपट्टी लावली की परत भरता येतं, हे मला ठाऊक होतं. मी चिकटपट्टी लावली. दुसऱ्या बाजूच्या मधोमध कुठेतरी फीत होती, तिथूनच उत्तर भरायला सुरुवात केली. आमची लेक तेव्हा अडीच वर्षांची. तिच्याकडून 'आजी' म्हणवून घेतलं, एक बडबडगीत म्हणवून घेतलं. नऊ मिनिटं झाली आणि ती झोपली.

ते गृहस्थ दोन आठवड्यांनी जाणार होते. त्याआधीच फोन आला. आई गेली.

कॅसेट बुटाच्या खोक्यात पडली ती चाळीस वर्षं. लोकांच्या शेकडो कॅसेटी मी उतरवून दिल्या, ही काढली नाही. मी काय केलंय ते मला ठाऊक होतं. एकोणतीस वर्षांच्या माणसाला वाटतं, पुढच्या दिवाळीला दुसरी येईलच.

गेल्या वर्षी नात उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे राहायला होती. वय अकरा. तिला स्क्रू ड्रायव्हर नीट धरता येतो, ही माझ्या दृष्टीने पदवीच. खोक्यातल्या कॅसेटवर ताईच्या अक्षरात 'आई, दिवाळी ८३' लिहिलेलं तिने वाचलं. मराठी ती अडखळत वाचते, पण हे वाचलं. म्हणाली, "ही कुणाची आई?"

मग काढली. नमदा नवीन बसवला, हेड पुसलं. विजेची गुणगुण मिसळू नये म्हणून यंत्र बॅटरीवर लावलं आणि कॉम्प्युटरला जोडलं. वेग ३००० हर्ट्झच्या परीक्षेच्या कॅसेटवर आधीच तपासून ठेवला होता. पहिली बाजू सुरू झाली. कुकरची शिट्टी, कावळा, शेजारच्यांचा रेडिओ आणि आई. पण आवाज असा चिरका, घाईघाईचा. मी मनात म्हटलं, असाच होता आईचा आवाज. चाळीस वर्षांत मला तो असाच आठवत होता.

दुसरी बाजू सतरा मिनिटं आईची. कुणाची मुंज झाली, विहिरीला पाणी किती आहे, मी स्वेटर घालतो की नाही. मग मागून ताईचा आवाज, "आई, दूध!" आणि खट्. पुढे मी. "बोल, आजीला सांग." मी यंत्र चालू ठेवून जेवायला वर निघून गेलो. ऐकवेना, हे खरं कारण.

अर्ध्या तासाने नात हाक मारायला लागली. पडद्यावर आवाजाचा आलेख होता. आलेखाच्या तळाशी एक बारीक सरळ रेषा असते, ती विजेच्या गुणगुणीची. रेकॉर्डर भिंतीतल्या विजेवर चालवला की ती गुणगुण नकळत फितीवर उतरते. नात म्हणाली, "आजोबा, ही लाइन इथे उडी मारते. आणि मग परत खाली येते."

मी चश्मा लावून बघितलं. मधली नऊ मिनिटं रेषा ६० वर होती. हा आमचा इथला, अमेरिकेच्या विजेवर भरलेला तुकडा; म्हणजे माझं यंत्र बरोबर वेगाने चालत होतं. त्याच्या आधी आईच्या सतरा मिनिटांत मात्र रेषा ५४ वर. सांगलीची वीज ५० ची, मग ५४ कशी? तेव्हा डोक्यात उजेड पडला. आईचा रेकॉर्डर सुस्त झाला होता, फीत हळू ओढत होता. हळू भरलेली फीत बरोबर वेगाने वाजवली की सगळंच जलद आणि चिरकं होतं, गुणगुणसुद्धा. म्हणजे तो आवाज आईचा नव्हताच. त्या नाट्यसंगीताच्या बुवांचं जे झालं तेच आईचं झालं होतं, आणि तोच आवाज मी चाळीस वर्षं खरा समजत होतो.

पण नातीने दाखवलं होतं ते वेगळंच. नऊ मिनिटांनंतर रेषा परत ५४ वर आली होती. मी उत्तर नऊच मिनिटं भरलं होतं आणि फीत तेरा मिनिटांची शिल्लक होती. शेवटची चार मिनिटं मी पुसलीच नव्हती. उत्तर भरून झाल्यावर मी तिथेच यंत्र बंद केलं होतं. पुढे काही उरलं असेल, हे कधी मनातही आलं नाही.

५४ चे ५० केले, म्हणजे वेग त्या प्रमाणात कमी केला, आणि पुण्याला ताईला फोन लावला. ती आता पंचाहत्तरीची आहे. आधी जुना आवाज ऐकवला, मग दुरुस्त केलेला. ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ही आई. आधीची कुणी भलतीच बाई होती."

मग ती चार मिनिटं लावली. वाक्य मध्येच सुरू होतं. "...आणि ते तू मनाला लावून घेऊ नकोस. झालं ते झालं." पुढे थंडीचं, सुनेच्या तब्येतीचं, नातीला तीट लावायचं. शेवटी "आता बंद कर गं."

काय मनाला लावून घेऊ नको? आप्पा १९८२ साली गेले. माझे इमिग्रेशनचे कागद अडकलेले होते. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. मी गेलो नाही. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, पत्रातसुद्धा नाही. ते असेल का? की आदल्या वर्षी आईला पाठवलेलं घड्याळ कुणीतरी वाटेत गहाळ केलं, त्याबद्दल असेल? १९८३ साली मी हे नक्कीच ऐकलं असणार. काही म्हणजे काही आठवत नाही. ताईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, मी दूध बघायला उठून गेले होते ना."

* * *

आमचे जावईबापू कॉम्प्युटरमधलेच. मनाने फार चांगले. ते म्हणाले, "बाबा, आता हे सहज होतं. तुमच्याकडे आईंचा पाऊण तासाहून जास्त आवाज आहे, तेवढा भरपूर झाला. तुम्ही वाक्य लिहून द्या, त्यांच्या आवाजात ते तयार होईल. मधली जागा भरून काढू."

मी लगेच नको म्हटलं असं वाचकांना वाटेल. नाही म्हटलं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत तळघरात बसलो आणि वाक्य लिहिलं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. सकाळी सौ. चहा घेऊन खाली आली, कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, हे वाक्य तुमचं आहे. 'तुझा नाइलाज होता' असं सासूबाई कधी म्हणाल्या असत्या का? त्यांनी आधी तुम्हाला झापलं असतं, मग जेवायला वाढलं असतं." थोडं थांबून म्हणाली, "आणि आवाज त्यांचा असला तरी बोलणार कोण? तुम्हीच ना?"

कागद मी घडी करून ठेवला. जावयांना नको म्हणून सांगितलं. त्यांनीही समजून घेतलं.

तेव्हा ती कॅसेट आता अशी आहे. आईची सतरा मिनिटं, मग आमची नऊ, मग आईची चार. कुकर, कावळा, रेडिओ सगळं तसंच ठेवलं आहे. खरखर काढून टाकणारे प्रोग्रॅम आहेत, ते लावले नाहीत. फक्त वेग दुरुस्त केला, कारण ती यंत्राची चूक होती. मधली नऊ मिनिटं ही माझी चूक, ती दुरुस्तीच्या यादीत येत नाही. आणि त्या नऊ मिनिटांत अडीच वर्षांची आमची लेक आहे. तिच्या मुलीने ती ऐकून पोट धरून हसून घेतलं. कुणाला तरी ती हवी आहेतच.

* * *

या वयात माणसाला मतं फार होतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

दुरुस्ती म्हणजे कंजूषपणा, असं आपल्या मुलांना वाटतं. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सुटे भाग आणि माहिती गिऱ्हाइकाला मिळावी म्हणून. ज्या गोष्टीसाठी आप्पांनी मला फक्त उशिरा जेवायला लावलं, तिच्यासाठी आता कायदा करावा लागतो. नातवंडांना निदान एक वस्तू उघडू द्या. बिघडलेली द्या, म्हणजे आणखी बिघडायची भीती नाही.

दुसरं, घरातले आवाज आणि फोटो एकाच ठिकाणी ठेवू नका. एका फुकट साठवणीच्या सेवेवर मी सहा वर्षांचे फोटो ठेवले होते. ती बंद झाल्याचं पत्र आलं ते मी जाहिरात समजून पुसून टाकलं. आता माझा नियम तीन प्रतींचा आहे. दोन घरात, वेगवेगळ्या वस्तूंवर, आणि एक घराबाहेर. आमची बाहेरची प्रत लेकीकडे असते. आवाज उतरवताना आधी काहीही न काटता, न दाबता पूर्ण उतरवा. साठ मिनिटांची कॅसेट त्या रूपात सहाशे-साडेसहाशे मेगाबाइट होते. पूर्वी ते फार वाटायचं, आता काहीच नाही. ऐकायला लहान प्रत नंतर करता येते. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र यंत्रात घालू नका, आधी मला दाखवा.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या कॅसेटींवर काही लिहिलेलं नसतं. मी आवाज परत आणून देतो, आणि घरात तो कुणाचा हे सांगणारं माणूस उरलेलं नसतं. त्यावर कुठलाही स्क्रू फिरवून उपयोग नाही. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि पेन्सिलीने लिहून ठेवा. कोण, कुठे, कधी. ताईने चार शब्द लिहिले नसते, तर नातीने ती कॅसेट हातातही घेतली नसती.

सुटी संपून घरी जायच्या आदल्या दिवशी नात तळघरात माइक घेऊन बसली. म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही बोला." मी घसा साफ केला. ती म्हणाली, "थांबा," आणि आधी स्वतःच तारीख सांगितली, गावाचं नाव सांगितलं, आणि म्हणाली, "हे माझे आजोबा आहेत." मग मला खूण केली. मी तास-दीड तास बोललो. आप्पा गेले तेव्हाचंही बोललो.

आपल्याकडेही असं एखादं खोकं माळ्यावर असेल तर घेऊन या. शनिवारी दुपारी मी घरीच असतो, चहा-पोहे होतील. फक्त निघण्याआधी एक फोन करा. घरी त्या दिवशी दुसरे पाहुणे असतील, तर मला काहीही उघडायची परवानगी नाही.